दुपारी तीनचं रीडिंग

कुरुळीत समाधानचं वर्कशॉप आहे. पत्र्याची शेड, चार लेथ, एक ग्राइंडिंग मशीन आणि कोपऱ्यात काच लावलेली, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी खोली. त्या खोलीवर अर्जुनरावांचं राज्य. शेडमध्ये तयार झालेली गाड्यांची पिन त्यांच्या मायक्रोमीटरखालून गेल्याशिवाय पेटीत पडायची नाही, आणि पेटीवर त्यांच्या हातचा जांभळा 'ओके'चा शिक्का बसल्याशिवाय ती टेम्पोत चढायची नाही. टेम्पोवाला कितीही हॉर्न वाजवो. वाजव बाबा, बॅटरी तुझी आहे.

माणूस तसा कटकट्याच. एकोणिसाव्या वर्षी माजलगावकडून आला, चिंचवडच्या एका कंपनीत चिकटला आणि एकोणचाळीस वर्षं मापं घेत राहिला. एकदा ऑडिट तोंडावर आलं तेव्हा अख्खं डिपार्टमेंट महिनाभराची रजिस्टरं एका दिवसात भरायला बसलं होतं. अर्जुनराव म्हणाले, "जे मोजलं नाही ते मी लिहिणार नाही." साहेबाने चिडून त्यांना दोन महिने स्टोअरमध्ये टाकलं. ते गेले. तिथले नटबोल्टही त्यांनी असे काही मोजले की स्टोअरवाला रडकुंडीला आला आणि साहेबाचे पाय धरायला गेला.

रिटायर झाल्यावर त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या समाधानने त्यांना कुरुळीला नेलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. सगळं झकास चाललेलं असताना त्रेसष्टाव्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. अक्षर मुंगीएवढं झालं. शर्टाची बटणं लावायला पंधरा मिनिटं. पार्किन्सन, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर सहा महिने अर्जुनराव काळेवाडीच्या घरात बाल्कनीकडे तोंड करून बसले आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी बघत राहिले. जेवा म्हटलं की जेवायचे, नाही म्हटलं तर नाही. त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, ते सहा महिने एकटीने ओढले.

शेवटी समाधानच एक दिवस आला आणि त्यांना जवळजवळ उचलून घेऊन गेला. मायक्रोमीटर त्याने स्टँडवर पक्का बसवून दिला. हात हलला तर हलू दे, माप हलणार नाही, म्हणाला. माणसात पुन्हा जीव आला.

पण दुखणं नुसतं हातात थांबत नाही. गोळी घेतली की नाही हे विसरायला होऊ लागलं. कुणी मध्येच बोललं की हातातलं काम कुठवर आलं होतं तेच सुचेना. आणि एका गुरुवारी कुरुळीचा स्टॉप मागे टाकून अर्जुनराव पार महाळुंगेला जाऊन उतरले, आणि कुठल्याशा कंपनीच्या गेटवर वॉचमनशी भांडले की इथली समाधानची शेड कुठं नेली तुम्ही. वॉचमन भला. त्याने त्यांच्याच मोबाइलमधून नंबर काढून मुलाला, दिग्विजयला, फोन केला.

दिग्विजयचं डोकं फिरलं. "बस झालं बाबा. आता घरी बसायचं."

डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यातल्या मधुवंती मॅडमकडे पाठवलं. मॅडमनी एक टॅबलेट दिला. त्यात मेंदूचे व्यायाम होते, घरीच करायचे. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे. सारखी चित्रं शोधा, दिवा लागला की बोट ठेवा, बाजाराची यादी एकदा बघा आणि मग दुकानातून तेच सामान उचला. दिवसातला सगळ्यात चांगला डाव धरून आठवड्याचा आकडा निघायचा, शंभरपैकी. मॅडमनी बजावलं होतं, "हा व्यायाम आहे काका, परीक्षा नाही." पण ज्या घरात बाप इन्स्पेक्शनमधला आणि मुलगा प्रॉडक्शनमधला, तिथे आकडा आला की लिमिट यायचीच.

दिग्विजय म्हणाला, "दोन आठवडे सराव. तिसऱ्यापासून साठच्या वर राहिलात तर कुरुळी. समाधानदादाच्या टेम्पोतून जायचं, टेम्पोतून यायचं. खाली आलात तर घर."

"मंजूर," अर्जुनराव म्हणाले.

पहिला आठवडा चव्वेचाळीस. दुसरा सेहेचाळीस. अर्जुनरावांनी खुर्ची पुन्हा बाल्कनीकडे फिरवली.

तिसऱ्या आठवड्यात आकडा आला सदुसष्ट! दिग्विजय पेढे घेऊन आला. मंगळवारी टेम्पो दारात हजर. पुढे बहात्तर, मग अठ्ठ्याहत्तर. सकाळी खेळताना अर्जुनरावांना काही एवढं जमल्यासारखं वाटत नव्हतं. पण मशीन कशाला खोटं बोलेल? रोज थोडं थोडं आत मुरत असेल, असं म्हणून ते कॉलर नीट करून टेम्पोत बसायचे.

सहावा आठवडा संपताना, शुक्रवारी, दोघं नवराबायको मॅडमकडे गेले. मॅडम खूश होत्या. त्यांनी एक कागद पुढे केला. "काका, तुमचं दुपारी तीनला एकदम छान जमतं बघा. कालच्या गुरुवारी तर एक्क्याऐंशी!"

अर्जुनरावांनी चष्मा लावला. वरून खाली, ओळीत बोट ठेवून, कागद वाचला. सकाळचे आकडे सगळे चाळिशीतले. साठच्या वरचा प्रत्येक आकडा दुपारी तीनचा. बाकीच्या दिवशी तीनला ते झोपलेले असायचे. आणि गुरुवारी?

"गुरुवारी तीनला मी कुरुळीत होतो," ते म्हणाले.

कौशल्याबाई पर्सची चेन उघडत होत्या आणि लावत होत्या.

घरी आल्यावर अर्जुनराव उभ्यानेच म्हणाले, "तू खेळलीस."

"खेळले."

"कशाला?"

"कशाला म्हणून काय विचारू लागलात!" कौशल्याबाईंचा बांध फुटला. "पुन्हा त्या टाकीकडं बघत बसला होतात. आधीचे सहा महिने मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. घरात माणूस आहे का भिंत, कळत नव्हतं. आणि बाजाराची यादी मला काय अवघड हाय हो? चाळीस वर्षं तेच तर केलं. तुमच्या कंपनीतबी भरायचेच की रजिस्टरं!"

"मी भरलं होतं का?"

अर्जुनराव संतापले होते, थरथरणारा हात दुसऱ्या हाताने धरून उभे होते. पण जरा वेळाने संताप ओसरला आणि त्याच्या जागी भीती आली. तीन आठवडे. तीन आठवडे ते शिक्का मारत होते.

त्यांच्या धंद्यात एक नियम आहे. मोजायचं साधनच चुकीचं निघालं, तर ते शेवटचं खरं ठरलं होतं त्या दिवसापासूनचा सगळा माल पुन्हा मोजायचा. एकही पेटी सुटत नाही.

शनिवारी कुरुळीत पाऊल ठेवल्या ठेवल्या ते म्हणाले, "समाधान, तीन आठवड्यांचा माल थांबव."

"काय झालं काका? मायक्रोमीटर तर आत्ताच तपासून आणलाय."

"मायक्रोमीटर बरोबर आहे. मी चुकीचा आहे."

त्यांनी सगळं सांगितलं, बायकोचं नावसुद्धा लपवलं नाही. समाधान वैतागला. कोण नाही वैतागणार? बऱ्याच पेट्या रवाना झाल्या होत्या, अकरा शेडमध्ये होत्या, सोमवारी जायच्या. "अहो काका, एवढं काय त्यात," तो म्हणाला, पण अर्जुनराव खोलीच्या दारात उभे राहिले ते हललेच नाहीत. शेवटी पॅकिंगवरच्या रुपालीला बसवलं. तिला मोजायला अर्जुनरावांनीच शिकवलं होतं. ती एकेक पिन उचलू लागली आणि ते मागे स्टुलावर बसून राहिले.

नऊ पेट्या चोख निघाल्या. समाधान म्हणाला, "बघा, उगाच जीवाला घोर." दहाव्या पेटीत रुपालीचा हात थांबला. एक पिन तिने बाजूला ठेवली. मग आणखी एक. मग तिसरी. अकरावी पेटी चोख होती.

"बघू," अर्जुनराव म्हणाले. त्यांनी तिन्ही स्वतः लावून बघितल्या. दोन शतांश मिलिमीटर कमी. डोळे मिटून कळावी अशी चूक. माप त्यांनी घेतलंच असणार, आणि मध्येच कुणी काही विचारलं असणार, आणि पिन भलत्याच ट्रेमध्ये गेली असणार. त्यांना काहीच आठवत नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी रुपालीसमोरच पुसलं.

"तीनच तर आहेत काका," समाधान हळूच म्हणाला.

"गाडीत एकच लागते."

समाधान बाहेर गेला आणि गेलेल्या पेट्या उघडू नका म्हणून फोन लावायला लागला. अर्जुनरावांनी खिशातून शिक्का काढला, रुपालीच्या हातात दिला आणि टेम्पोत जाऊन बसले.

दिग्विजयला सगळं कळलं. तो आईवर ओरडला नाही. मधुवंती मॅडमनी फोनवर एवढंच सांगितलं की जुने आकडे त्या काढून टाकतील, राहिलेले आठवडे तरी प्रामाणिकपणे करा, आणि हो, हा आकडा नोकरीचा दाखला कधीच नव्हता.

सोमवारी सकाळी अर्जुनरावांनी खुर्ची ओढली. कौशल्याबाईंनी आधी बाल्कनीकडे बघितलं. पण खुर्ची बाल्कनीकडे न जाता टेबलाकडे गेली. त्यांनी टॅबलेट उघडला.

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "कुरुळी तर गेली."

"व्यायाम आहे म्हणाल्या ना मॅडम. बस इथं. आणि हात लावायचा नाही."

त्या बसल्या. दोन्ही हात पदरात गुंडाळून बसल्या. बाजाराची यादी आली, सात जिन्नस, आणि गेली. अर्जुनरावांचं बोट काचेवर थरथरत फिरू लागलं. साबण. कोथिंबीर. तांदूळ, मीठ, गूळ. सहावी काडेपेटी, तीही जरा वेळाने सापडली. सातवं सुचेना. कौशल्याबाईंना माहीत होतं, जिभेवर आलं होतं, त्यांनी ओठ घट्ट मिटले. बोट एकदा तेलावर गेलं, मागे आलं, मग हिंगाच्या डबीवर जाऊन टेकलं. त्याच्या आधीच वेळ संपल्याची घंटा वाजली होती.

"बरोबर होतं हो!" त्या रडवेल्या झाल्या. "हिंगच होता!"

"उशिरा होतं."

बाकीचे खेळही त्यांनी तसेच, हळूहळू, शेवटापर्यंत खेळले. आकडा आला त्रेचाळीस. मग त्यांनी कपाटातून जुन्या पद्धतीची वही काढली, पट्टीने रकाने आखलेली. तारीख, वेळ, आकडा. 'मोजणारा' या रकान्यात आपली मुंगीएवढी सही केली. पुढचा रकाना 'तपासणारा' असा होता. वही त्यांनी बायकोकडे सरकवली.

"इथं तुझी सही."

"माझी? मी तर..."

"तूच. दुसरं कोण आहे मला?"

कौशल्याबाईंनी पेन धरलं. नाव लिहायला त्यांना नवऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला.