मूठभर जोंधळे

धाकट्या दिराला ऑस्ट्रेलियात नोकरी लागली आणि जावेची भांडीकुंडी बोटीनं पाठवायचं ठरलं, तेव्हा मला काही वाटलं नाही. जाईनात का. आमचे हे कागलच्या एमआयडीसीत, मी घरात; ठीक होतं. पण आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, फळीवरची काठवट काढून जावेच्या ढिगात ठेवली आणि माझ्या पोटात दुखलं.

लग्न होऊन आल्यापासून त्या लाकडी काठवटीत रोजच्या भाकरी मी थापत होते. आधी आत्यांच्या सासूनं, मग आत्यांनी, मग मी तिचा तळ झिजवलेला. जावेची भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटायची. तिला काठवट देणं म्हणजे गाढवाला गुळाची चव. पण आत्यांचं आपलं चाललेलं, "परदेशात पोरीला आपलं कायतरी असावं."

सामान बांधायला एजंटाचा माणूस आला. त्यानं बजावून सांगितलं, "आज्जी, तिथं लई कडक हाय. धान्य, बी-बियाणं, माती, भाताचं पिंजर कायबी चालत न्हाय. लाकडाकडं तर डोळं फाडून बघत्यात."

"बरं की पावणं," आत्या म्हणाल्या.

पावणा दोरी आणायला खाली गेला. आत्या उठल्या आणि जोंधळ्याचा डबा घेऊन आल्या. आमच्यात द्यायचं भांडं रिकामं देत नाहीत. शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा तीत साखर तरी घालायची.

"आत्या, नगं म्हटलाय की त्यो," मी म्हणाले.

"तू गप. परमुलखात निघालीया पोर, रिकामी भांडी देऊ व्हय?"

प्रत्येक तांब्यात, पातेल्यात चिमूट चिमूट पडली. काठवटीत मात्र चांगली मूठभर. तेही माझ्या डोळ्यांतून सुटलं नाही.

व्हायचं तेच झालं. तिकडच्या तपासणीत खोका उघडला, तर भांड्याभांड्यात जोंधळे. पितळ आणि स्टील धुऊन सोडलं. काठवटीच्या भेगेत मात्र धान्यातला सोंडा किडा जिवंत निघाला. लाकूड एकतर जाळा, नाहीतर परत न्या, असा हुकूम. दिरानं पदरमोड करून ती परत पाठवली. फोनवर जाव रडली. मी "अगंबाई" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर शिरा केला. का केला ते घरात कुणी विचारलं नाही.

काही महिन्यांनी काठवट आली. बाजूला परदेशी चिकटपट्टी, आत कीड मारायच्या औषधाचा कसलासा वास. आता कुठं जाते, मी मनात म्हटलं. आत्यांनी ती पुसली, उन्हात ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा फळीवर चढवली.

"धाकटी आली की न्हेईल. हातातनं न्हेली की कोण इचारतंय," त्या म्हणाल्या.

माझा मग तोल गेला. "आत्या, ह्या घरात भाकरी मी थापतिया. हात माझं भाजत्यात. तिला धड भाकरी येत न्हाय, तरी काठवट तिची? मला का न्हाय?"

आत्यांना खरंच नवल वाटलं. रागसुद्धा आला नाही त्यांना.

"तुला कशाला द्यायची? तू हायस की हितं."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते हेच. जाणाऱ्याला द्यायचं, राहणाऱ्याला काय द्यायचं? तिकडं गोऱ्यांच्या देशात जाव काठवटीवाचून रडत होती, आणि मला तिचा हेवा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परातीत पीठ घेतलं, तेव्हा आत्या मागं येऊन उभ्या राहिल्या. फळीवरून काठवट काढून त्यांनी माझ्यापुढं सरकवली.

"घे, ह्यातच थाप. ती येस्तवर."

पीठ ओतायच्या आधी मी आत वाकून पाहिलं. भेगेतसुद्धा बोट फिरवलं.

जोंधळ्याचा एक दाणा नव्हता.