सेनेगलचा सिनेमा आणि आमचं मंडळ

इथल्या, म्हणजे कतारमधल्या आमच्या मराठी मंडळाचा मला मनापासून राग आहे, आणि दरवर्षी वर्गणी भरून मी तो जपते. कार्यक्रम कुठलाही असो, आधी दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, मग पाहुण्यांचा परिचय, मग शाल-श्रीफळ. ज्यासाठी माणसं जमली ती गोष्ट उरलेल्या वेळात उरकायची, कारण मागे वडे गार होत असतात. मैत्रिणीला तिथे नेलं ते दुसरीकडे कुठे न्यावं हे सुचेना म्हणून.

लुसैलच्या ऑफिसात ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. सेनेगलची आहे, समुद्रकाठच्या गावची. गेल्या वर्षी तिची आई वारली आणि हिला रजा मिळेपर्यंत दफनही होऊन गेलं. आईचे फोटो तिच्याकडे पुष्कळ आहेत. आवाज मात्र कुठेच नाही, एका सिनेमाखेरीज.

त्यांच्याकडचा एक दिग्दर्शक खऱ्या बाजारात, खऱ्या माणसांत कॅमेरा घेऊन शिरला होता. नायिका सुकी मासळी घ्यायला येते आणि विकणारी बाई तिच्याशी भावावरून भांडते. ती विकणारी म्हणजे हिची आई. भाव थोडा उतरव, असं तिला आधी सांगून ठेवलं होतं. कॅमेरा सुरू झाल्यावर तिने दमडीही उतरवली नाही, उलट नायिकेलाच असं झापलं की ती बिचारी खरीच गांगरली. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं. तिकडच्या सिनेमांची हीच गोष्ट मला आवडते. कुणी वेणी घालतं, कुणी बसची वाट बघतं, कुणी भांडतं, आणि कॅमेरा घाई न करता बघत राहतो.

"एकटीने ऐकायचा धीर होत नाही," ती मला इंग्रजीत म्हणाली. "आमच्याकडे कुणी गेलं की घर माणसांनी भरतं. इथे माझ्याजवळ कुणी बसलंच नाही. चार माणसांत बसून तिचा आवाज ऐकायचाय मला. पण आधी कुणाला सांगू नकोस, कीव करतील. नंतर मीच सांगेन."

मग मी तो सिनेमा मंडळाच्या कार्यक्रमात ठेवायला लावला. कार्यक्रम उम्म सलाल मोहम्मद या गावी होता, एका सभासदाच्या व्हिलात. तिथली मजलिस, म्हणजे पाहुण्यांची बैठकीची खोली, चांगली ऐसपैस आहे आणि भिंतभर पडदा आहे. सेक्रेटरींनी "हमारी आफ्रिकन बहन" असा तिचा परिचय करून दिला, जणू आफ्रिका म्हणजे एखादा तालुका. तिच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. नारळाचं काय करायचं ते न कळून ती तो मांडीवर घेऊन बसली. भाषणं संपता संपेनात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

शेवटी सिनेमा लागला. एक बाई अंगण झाडते. मुलीची वेणी घालते. बस येत नाही म्हणून चालत निघते. मंडळी चुळबुळायला लागली. सिंह नाहीत, दुष्काळ नाही, मग बघायचं काय?

"काही घडतच नाही हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"आणि गरिबी म्हणावी तर तीही धड नाही," दुसऱ्याने जोड दिली आणि लोक हसले.

सेक्रेटरींनी रिमोट उचलला आणि सिनेमा पुढे पळवला. बाजार आला आणि भुर्रकन गेला.

मी उठून उभी राहिले. "मागे घ्या."

"अहो मॅडम, बाई मासळी विकतेय नुसती. रत्नागिरीत काय कमी बघितली आपण? यल्ला, चला आता, लोकांना जेवायचंय."

मैत्रिणीला मराठी कळत नाही, पण पडद्यावर काय झालं ते तिने पाहिलं होतं. तिने नारळ दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ती गालिच्याकडे बघत होती. मग माझा तोल सुटला. "ती मासळीवाली हिची आई आहे! गेल्या वर्षी वारली!"

"अरेरे" असं दोनतीन ठिकाणांहून आलं. सेक्रेटरींचा चेहरा उतरला. माणूस दुष्ट नाही, एवढं मी कबूल करते. त्यांनी सिनेमा मागे घेतला. बाजार आला, टोपल्या आल्या, टोपल्यांमागे ती बसलेली दिसली. मैत्रीण खुर्चीत पुढे सरकली. बाईने मान वर केली, तोंड उघडलं, आणि सेक्रेटरींनी आवाज बंद केला.

त्यांनी माइक उचलला. "आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून दिवंगत मातोश्रींना श्रद्धांजली वाहू या."

सगळे उभे राहिले. माना खाली, हात समोर बांधलेले. पडद्यावर तिची आई बोट नाचवत नायिकेला काहीबाही सुनावत होती आणि मजलिसमध्ये फक्त एसी ऐकू येत होता. मैत्रिणीने माझा दंड धरला.

"आवाज!" मी ओरडले. "आवाज सोडा!"

एकानेही मान वर केली नाही. सेक्रेटरींनी मिटलेल्या डोळ्यांपैकी एक उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.