पिशवीतली बंदूक

"हात वर! वर कर म्हणतो ना!"

मी हात वर केले. पदराची पिन सकाळीच तुटली होती. हात वर गेले तसा पदर खांद्यावरून घसरला आणि खाली पडला. समोर पोलीस. त्याच्या हातात खरं पिस्तूल, माझ्या छातीवर रोखलेलं. पदर सावरायला हात खाली आणावा, तर हा गोळी घालील. न आणावा, तर सगळं गेट बघतंय. मी हात वरच ठेवले आणि डोळे मिटले. तेवढंच मला करता आलं.

भर दुपार होती. तळवड्यातल्या एका मोठ्या सोसायटीचं गेट. तिथं मी चार घरची धुणीभांडी करते. करत होते.

कामवाल्या बायकांची पिशवी जाताना उघडून बघायची, हा तिथला नियम. कुणी जुनंपानं काही दिलं, तर त्या घरच्या मॅडमनी गेटला फोन करायचा, मगच ते बाहेर जातं. शिळ्या पोळ्यांनाही परवानगी लागते. पाच वर्षं मी माझी पिशवी माझ्याच हातानं उघडून दाखवली. वॉचमन परभणीचा, मी लातूरकडची. तो मान खाली घालून आत बघायचा, मी रस्त्याकडं बघायचे. माणसाला कशाचीही सवय होते. मला झाली होती.

त्या दिवशी सातव्या मजल्यावरच्या मॅडमनी मला खेळण्यातली बंदूक दिली. माझी लेक सहावीत आहे, गॅदरिंगच्या नाटकात ती इन्स्पेक्टर होणार होती. मी भांडी घासता घासता सहज बोलले. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे दोन आहेत. ही बिघडलीय, लेकीला घेऊन जा." काळी, वजनदार, लांबून कुणालाही खरी वाटेल अशी. टोकाचं नारिंगी बूच तुटलेलं. गेटला सांगते म्हणाल्या आणि त्यांची मीटिंग सुरू झाली. मी न थांबता खाली उतरले. ही माझी चूक. एवढीच.

वॉचमननं पिशवीतून ती बाहेर काढली, आणि टेबलावर टाकून ओरडतच मागं सरला. गस्तीवरचे दोन पोलीस गेटवरच उभे होते. त्याच आठवड्यात जवळच्या एका सराफाला पिस्तूल दाखवून लुटलं होतं, हे मला नंतर कळलं. पोलिसांना भीती वाटली असेल. वाटू दे, मी ते मान्य करते. पण बंदूक टेबलावर होती, माझ्यापासून चार हात लांब. आणि मी रोज त्याच वेळेला त्याच गेटमधून जाणारी बाई होते.

दुसऱ्या पोलिसानं ती उचलून चाप ओढला. टक् असा प्लॅस्टिकचा आवाज आला. तो हसला. वॉचमन हसला. एका पार्सलवाल्यानं मोबाईल धरलाच होता, तोही हसला. तेव्हा कुठं मी पदर उचलला.

"कुठून चोरलीस?"

"दिली साहेब. मॅडमनी दिली."

"असल्या वस्तू कामवालीला कोण देतं?"

मी हात जोडले. "सॉरी साहेब, चुकलं माझं." मला कुणी माफी मागायला सांगितलं नव्हतं. तरी मी मागितली. तीन-चार वेळा.

वॉचमननं वर फोन लावला, तसे मॅडमचे मिस्टर खाली आले. लिफ्टचं दार उघडलं आणि त्यांच्या हातात दुसरी बंदूक. तशीच काळी, तेवढीच मोठी. ही जोडीतली आहे, हे दाखवायला आणलेली. लिफ्टपासून गेटपर्यंत तो माणूस बंदूक हातात घेऊन चालत आला. कुणी ओरडलं नाही. कुणाचा हात कमरेकडं गेला नाही. पोलीस म्हणाला, "या सर. तुम्हाला उगाच त्रास झाला."

सरांनी दोन्ही बंदुका घेतल्या आणि वर गेले. माझ्याकडं बघितलंही नाही.

मला तेव्हा राग आला, असं लिहायला आवडलं असतं. पण नाही आला. सुटले एकदाची, असं वाटलं. पाठमोऱ्या सरांना मी थँक्यू म्हणाले. पदर पडल्याची लाज एक वेळ जाईल. ही जात नाही.

संध्याकाळच्या आत तो व्हिडिओ आमच्या गल्लीत आला. लेकीनं शेजारच्या ताईच्या मोबाईलवर सगळा बघितला. ती रडेल, असं मला वाटलं होतं. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तू काय केलं होतंस म्हणून सॉरी म्हणालीस?"

मी परातीत पीठ घेऊन बसले होते. पिठात पाणी घातलं आणि मळायला लागले. माझी आईही अशीच होती. चूक कुणाचीही असो, हात आधी आमचे जोडले जायचे. मी लेकीला दुसरं काय शिकवत होते?

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींनी ऑफिसात बोलावलं. टाईप केलेला कागद पुढं ठेवला, शेजारी शाईचा पॅड. "मावशी, अंगठा दिला तरी चालेल."

मी दहावी पास आहे. कागद दोनदा वाचला. माझ्या निष्काळजीपणामुळं रहिवाशांना आणि पोलिसांना मनस्ताप झाला, त्याबद्दल मी क्षमा मागते, असं त्यात होतं. सही केली तर गेट उघडणार. नाही तर चारही घरं बंद. चार घरं म्हणजे आमचं अर्धं घर.

"मला जो मनस्ताप झाला, तो यात कुठं लिहिलाय?"

"तुम्हाला कसला मनस्ताप?" त्यांना खरंच कळलं नव्हतं.

मी कागद मागं सरकवला. "मग मी सही करत नाही."

दुपारी मॅडमचा फोन आला. "अगं करून टाक ना सही. एवढं काय त्यात? उद्यापासून माझ्याकडे कोण येणार?"

"मॅडम, बंदूक तुम्ही दिली होती, हे तुम्ही लिहून द्या."

त्यांनी फोन ठेवला.

मी लेकीची वही घेतली आणि माझा तक्रारीचा अर्ज लिहिला. कुठलं गेट, कुठली वेळ, कोण काय बोललं. सर बंदूक घेऊन कसे चालत आले, तेही. पदराचं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. त्याच्या दोन प्रती केल्या. एक पोलिसांनी ठेवायची, दुसरीवर शिक्का मारून मला पोच द्यायची.

चौकीतल्या हवालदारानं अर्धं पान वाचलं. "ताई, खेळणंच होतं ना? विषय संपला. मिटवा आता." पहिल्या दिवशी साहेब नव्हते. काल शिक्का नव्हता. आज तिसरा दिवस, आज साहेब जेवायला गेलेत.

जेवू देत सावकाश. माझी चारही घरं सुटलीत, मला घाई नाही. कुणी माझी माफी मागेल, अशी आशाही नाही. पण माझं म्हणणं यांच्या कागदात गेलं पाहिजे, माझ्या सहीनं. पोच हातात पडल्याशिवाय मी या बाकावरून उठत नाही.