खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

मी मुळातच भित्री. गॅस बंद केला का हे बघायला खालच्या मजल्यावरून परत वर जाणारी. नवरा म्हणतो, तुला पगारच घाबरण्याचा मिळतो, आणि त्यात खोटं काही नाही. घाटकोपरच्या एका कॅन्सर उपचार केंद्रातले सर्व्हर मी सांभाळते.

सर्व्हर म्हणजे खरं तर एकच मोठं यंत्र. चाळीतल्या एका खोलीत पडदे लावून चार बिऱ्हाडं राहावीत, तशी त्या एका यंत्रात आमची चार व्हर्च्युअल मशिन्स राहतात. एकात अपॉइंटमेंट, एकात बिलं, एकात रिपोर्ट. चौथ्यात सगळ्यात नाजूक ऐवज, प्रत्येक पेशंटच्या शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, आराखडा: किरण कुठून, किती, कोणत्या कोनातून. या चौघांची रोज संध्याकाळी दुसऱ्या एका पेटीत प्रत उतरते आणि मला हिरव्या खुणेचा मेल येतो, बॅकअप यशस्वी.

त्या हिरव्या खुणेवर माझा कधीच विश्वास बसला नाही. उतरवलेली प्रत पुन्हा उभी करून चालवून बघितल्याशिवाय ती प्रत आहे असं म्हणू नये, हे या धंद्यात नवशिक्यालाही सांगतात. म्हणून मी आमच्या मॅनेजरांच्या मागे लागायचे, की एका रविवारी सर्व्हर मेला असं समजून सगळं परत उभं करून बघू. मॅनेजर भला माणूस, पण ‘मेला’ हा शब्द ऐकला की कानाला हात लावायचे. वास्तू तथास्तु म्हणत असते मॅडम, म्हणायचे. शुभ बोल रे नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली, ही म्हण तर माझ्यासाठी राखूनच ठेवलेली. तालीम काही झाली नाही.

त्यांना तरी काय बोलायचं. आमच्या घरी तोच कारभार होता. वाकोल्याच्या माझ्या मामाला घशाचा कॅन्सर निघाला आणि घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. मामा गिरणीतला, गिरण्या बंद पडल्यावर साकीनाक्याच्या एका कारखान्यात राबलेला. त्याच्याच घरी राहून मी शिकले. डॉक्टरांनी मला आणि मामेभावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आशा आहे, खात्री नाही, मात्र शेकात खंड पडू देऊ नका. मामाला आम्ही सांगितलं, गाठ आहे, शेकली की जिरेल. मामीला तर तेवढंही नाही. मामा आमच्याच केंद्रात यायचा. डोकं हलू नये म्हणून तोंडावर जाळीचा मुखवटा घट्ट आवळून त्याला टेबलावर निजवायचे, आणि मी बाहेर उभी राहून मनात म्हणायचे, आज लाईट जाऊ नये, आज काही बंद पडू नये.

खंडेनवमीला सकाळचे पेशंट झाले आणि मॅनेजर हळदकुंकू घेऊन सर्व्हररूममध्ये आले. नवीन संगणक आले होते, त्यांची पूजा करायची होतीच, पण या वर्षी त्यांना सर्व्हरही बंद हवा होता. म्हणाले, उद्या दसऱ्याची सुट्टी, यंत्रालाही एक दिवस विश्रांती मिळू दे, चालत्या यंत्राची पूजा कसली करता. मी नको म्हटलं. वर्षानुवर्षं न थांबलेल्या डिस्क एकदा थंड झाल्या की पुन्हा फिरतीलच असं नसतं. पण हे बोलणंही अभद्रच ठरलं.

मी एकेक मशीन बंद केलं. पंखे थांबले आणि खोलीत इतकी शांतता झाली की मला भीती वाटली. हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. मग माझ्याने राहवेना. विश्रांती पुरे झाली असं म्हणून मी बटण दाबलं. एका डिस्कचा दिवा लाल लागला. एक गेली तर बाकीच्या सांभाळून घेतात. मी श्वास सोडतेय तोच शेजारची लाल झाली. दोन गेल्या की संपलं.

दसऱ्याच्या सकाळी जुन्या एका यंत्रावर मी बॅकअप उतरवायला बसले. मॅनेजर मागे खुर्चीत, काही न खाता. बिलं आली, अपॉइंटमेंट आल्या, रिपोर्ट आले. चौथं मशीनही उठलं. मी मामाचा नंबर टाकला. नाही. त्याच्या बरोबरच्या पेशंटांचे टाकले. तेही नाहीत.

कारण शोधायला दुपार गेली. जागा भरली म्हणून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या माणसांनी मध्यंतरी त्या मशीनला दुसरी डिस्क जोडली होती, आणि ती अशा पद्धतीने जोडली होती की बॅकअप तिला वगळूनच पुढे जायचा. त्यानंतरचे सगळे आराखडे तिच्यावर. हिरवी खूण रोज येत होती ती अर्ध्याच मशीनची. एक तालीम केली असती तर पहिल्याच रविवारी कळलं असतं. मला मॅनेजरांच्या अंगावर ओरडायचं होतं. वळून पाहिलं तर ते रडत होते, मग ओरडणंही राहिलं.

डॉक्टरांनी सांगितलं, अर्धवट शेक झालेल्यांचं पुन्हा स्कॅन, नवा मुखवटा, नवा आराखडा. तोवर थांबायचं. पेशंटना सर्व्हिसिंग चालू आहे म्हणून सांगा, असं मॅनेजर म्हणाले. मामेभावाला फोन करून सांगितलं, त्याचंही तेच मत पडलं.

संध्याकाळी मी वाकोल्याला गेले. मामी देवळात गेली होती. मामा खाटेवर भिंतीला टेकून बसला होता, गळ्याची कातडी काळवंडलेली. मी सर्व्हिसिंग म्हणणार होते. पण मला ते जमेना. मी सगळं सांगून टाकलं, पूजा, डिस्क, तुझा आराखडा आमच्याकडून गेला, आता काही दिवस शेक नाही.

मामाने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, शिव्या घालणार. आवाज बसलेला होता, कान जवळ न्यावा लागला.

“बरा केलंस सांगलंस. मघाशी तुझ्या भावाचो फोन इलो, शेक बंद म्हणान. माका वाटला, डॉक्टरांनी हात टेकले.”

म्हणजे फोन आल्यापासून तो त्या खोलीत एकटा हे घेऊन बसला होता. किंवा फोन आल्यापासूनच नव्हे, पहिल्या दिवसापासून. आम्ही त्याच्यापासून लपवलेली भीती त्याच्याकडे आधीपासूनच होती, आणि बोलायला माणूस नव्हतं.

“गाठ नाय मां ही?” त्याने विचारलं.

नाही म्हटलं. मग तो शब्द मी त्याच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. डॉक्टर काय म्हणाले तेही, आशा आहे, खात्री नाही, आणि हा खंड पडायला नको होता. मला रडू आलं, त्याला नाही. त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ दारातून मामी येते का ते बघत राहिला.

“तिका मी सांगतंय,” तो म्हणाला. “तू हयच बस.”