दाजींची कळशीवाली

‘रिकामी कळशी’ वाचून किंवा मोबाइलवर ऐकून तुम्ही घाबरलात ना? मग मला एकच सांगा, नेमकं कुणाला घाबरलात? विहिरीत गेलेल्या बाईला, की तिला तिथपर्यंत नेणाऱ्या माणसांना?

उत्तराची घाई नाही. आधी ज्यानं ती कादंबरी लिहिली त्या दत्तप्रसाद तोंडवळकराचं ऐकून घ्या. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. एकेचाळीस कादंबऱ्या, सगळ्या भुताखेतांच्या. जामसंड्याच्या वाचनालयात त्यांच्या पुस्तकांना पुठ्ठा टिकत नाही आणि एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर ती पहिल्या रांगेत असतात. पण माणूस धंद्यानं पंपमेस्त्री. कट्टा गावच्या बाजारात पत्र्याचं दुकान, आत ग्रीसचा वास, उघडलेल्या मोटारी, आणि एका स्टुलावर शंभरपानी वही. गिऱ्हाईक आलं की वहीवर पाना ठेवायचे, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा लिहायला. बसमध्ये चढले की कंडक्टर विचारायचा, “दाजीनू, तुमचा एकच तिकीट, की बरोबरच्या भुताचाय फाडू?” दाजी म्हणायचे, “ती मागच्या दारान चढली. तूच बघ.”

मी सातवी शिकलेली. पाण्यासाठी बायकांना घेऊन पंचायतीत बसायचं, टँकर आला नाही तर रस्त्यात उभं राहायचं, हे माझं काम. अंगारे, धुपारे, झाडाला खिळे ठोकणं, यांच्याशी माझं वाकडं. त्यामुळे दाजींशीही वाकडंच होतं. तोंडावर सांगायची, तुम्ही लोकांना भित्रं करता. ते हसून खुर्ची पुढे सरकवायचे.

आमच्या खालच्या वाडीत, कट्ट्यापासून चालत अर्ध्या तासावर, एक बाव आहे. विहिरीला आम्ही बाव म्हणतो. चिऱ्याच्या अकरा पायऱ्या, वर रातांब्याचं झाड, एका बाजूला मोडकी कप्पी. बाव कुणा एकाची नाही. तिच्या काठावर राधाबाई राहते. घोव, म्हणजे नवरा, वारला, मुली लग्न होऊन गेल्या. लाल माठ, मुळा, वाल लावायचे, पहाटे खुडायचे आणि कट्ट्याच्या बसथांब्याशेजारी विकायचे, हा तिचा संसार. तिला दुसरं पाणी नाही. नळ तिच्या घराच्या अलीकडे शंभर पावलांवर संपतो, आणि तो का संपतो यावर मी वेगळं पुस्तक लिहीन.

‘रिकामी कळशी’ आली तेव्हा बाजारात सगळ्यांच्या हातात. गोष्ट तुम्हाला माहीत आहे. बावीच्या सातव्या पायरीवर ओल्या लुगड्यातली बाई बसलेली असते, तोंड पाण्याकडे, केस पायरीवरून पाण्यात सोडलेले. पाणवठ्यावर येणाऱ्या प्रत्येक बाईला ती मागे न बघता विचारते, “बाये, माजी कळशी भरून देतंस?” आणि प्रत्येक बाई पळते.

दाजींनी बाव कुठली वर्णिली? चिऱ्याच्या अकरा पायऱ्या. वर रातांबा. मोडकी कप्पी.

आधी सुनांनी जाणं सोडलं. मग कुणीतरी म्हणालं, राधाबाईच्या माठाला वेगळाच लाल रंग येतो. बसथांब्यावर तिच्या दोन्ही बाजूंच्या बायकांच्या टोपल्या रिकाम्या व्हायच्या, हिची भाजी दुपारपर्यंत माना टाकायची. तीन वर्षांपूर्वी ती गोष्ट कुणीतरी आवाज चढवून, मागे पावसाची न् कोल्ह्याची रडगाणी लावून मोबाइलवर टाकली. झालं. चाकरमानी गणपतीला आले की मोबाइल पुढे धरून बावीवर. राधाबाई पाणी भरायला उतरली की तिचंच चित्रण. पाठमोरी बाई, कळशी, पायऱ्या. आणखी काय पाहिजे? राधाबाई मला म्हणाली, “भूत आसता तर बरा होता गो हिरा. कळशी तरी वर चढवूक लागला असता.”

तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, माझ्यावर काय लिवलंय ते वाचून दाखव. मी अख्खी कादंबरी दोन दुपारी वाचून दाखवली, दातओठ खात. ती वाल सोलत ऐकत होती. संपली तेव्हा शेंगा बाजूला सारल्या आणि तिनं एवढंच विचारलं, “पण तिका कोणी एक कळशी भरून कित्या दिल्यान नाय?”

मी पुस्तक मिटून पिशवीत टाकलं.

त्या वर्षीच्या जत्रेत मात्र डोक्यावरून पाणी गेलं. गाऱ्हाणं म्हणजे काय ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. देवासमोर गावाच्या वतीनं एक माणूस बोलतो, सुखदुःख मांडतो, आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेले सगळे म्हणतात, “होय महाराजा.” आमच्याकडे ते विठोबा घालतो, त्याच्या बापानंतर. तो चांगला माणूस आहे, भात चांगला पिकवतो. त्यानं त्या वर्षी शिवेवरचे, वहाळावरचे सगळे राखणदार देव मोजले आणि पुढे म्हणाला, बावीवरच्या कळशीवालीचीही लेकराबाळांना बाधा होऊ नये. सगळ्यांनी “होय महाराजा” म्हटलं. पंपमेस्त्र्यानं स्टुलावर बसून रचलेली बाई त्या क्षणी गावाची झाली. आमच्याकडे गाऱ्हाण्यात जे आलं ते आलं. ते कुणी खोडत नाही.

पुढच्या वर्षी ठरलं: बावीवर राखण, म्हणजे कोंबड्याचा मान, द्यायची आणि जत्रा झाली की वरून लोखंडी जाळी ठोकून बाव कायमची बंद करायची.

मी तशीच पुस्तक घेऊन दाजींच्या दुकानात. वहीवरचा पाना उचलून फेकला आणि त्या जागी पुस्तक आपटलं.

“दाजीनू, ही बाव खंयची?”

ते म्हणाले, “गजाली त्या, हिरा, मनान रचलेल्या. गजालींका गाव नसता.”

“पायरे अकरा कशे मगे? मोजून इलात?”

त्यांनी पाना उचलला, पुसला. हसले नाहीत. मी जे तोंडात आलं ते बोलले, बाजारातले लोक दाराशी जमले तरी थांबले नाही. तुमच्या एका पुस्तकापायी एक बाई तहानलेली मरणार, मग तिच्यावर दुसरं लिहा, असंही बोलले. ते ऐकून त्यांनी दाराशी जमलेल्यांना जायला सांगितलं, मला बस म्हणाले, आणि तेवीस वर्षांचे असतानाची हकिकत सांगितली. छापून आलेल्या मुलाखतींत ते आईच्या गोष्टींचं, सुक्या मासळीच्या बाजारातून परतीच्या वाटेचं वगैरे सांगत. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

एका मोठ्या घरातून बोलावणं आलं. गाव सांगितलं नाही, मी विचारलं तरी. मोटार चालते, पण पाणी ओढत नाही. दाजी दोराला बांधून विहिरीत उतरले. पाण्याखाली पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व असतो, त्याला कचरा अडवायला जाळी असते. ती हाताला लागली तेव्हा बुळबुळीत लागली. शेवाळ समजून त्यांनी ओढली. केस होते. लांब, बाईचे, जाळीत विणल्यासारखे गुंतलेले. ते सोडवताना बोटांत एक जोडवं आलं.

घरच्यांनी त्यांना काही म्हणजे काही सांगितलेलं नव्हतं.

दाजी वर आले, मूठ उघडली. अंगणात पाच माणसं होती. कुणी दचकलं नाही. घरच्या मालकिणीनं जोडवं घेतलं, नळाखाली धुतलं आणि पदरात बांधलं. मालकानं विचारलं, आता पाणी ओढेल ना? मग दाजींना चहा दिला. आल्याचा, चांगला. ते प्यायले. पंप चालू करून दिला आणि घरी आले.

“तेच्यानंतर पयला पुस्तक लिवलंय,” ते म्हणाले. “एकेचाळीस झाली. सगळ्यांत तीच आसा. कधी पायरीर, कधी माडाखाली, कधी बोटीत. तोंड कधी लिवूक जमला नाय. तोंड मी बगलंय खंय?”

मी विचारलं, मग आमची बाव का? त्यांनी पान्याच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. म्हणाले, त्या घराची विहीर लिहिली असती तर ओळखली असती. गिऱ्हाईक होतं. तुमची बाव पाहिलेली होती, कोणाची नव्हती. कोण जाब विचारायला येणार?

बघा, कसं असतं ते. एवढं हुशार, हळवं माणूस, हाताला त्या केसांचा स्पर्श तीस-चाळीस वर्षं जपणारं. पण भूत सोडताना मोठ्या घराचं नाव झाकलं आणि गरिबाचं पाणी निवडलं. मी हे त्यांच्या तोंडावर बोलले. ते म्हणाले, हात अजून धुवून होत नाही. वंगण मळलेली बोटं त्यांनी पुढे केली, जणू मला त्यात काही दिसणार होतं.

दुसऱ्या दिवशी दाजी विठोबाकडे गेले. कबूल केलं की कळशीवाली मी रचली, ती खरी नाही. विठोबानं आदरानं बसवलं, ऐकलं आणि सांगितलं, लेखकाला ती सुचली म्हणजे तिनंच सुचवली असणार. वाडीत बातमी वेगळी फिरली: कळशीवालीनं दाजींना धमकावलं, म्हणून बिचारे ती खोटी असल्याचं सांगत फिरताहेत. कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे मला काही उरलं नाही.

मग दाजींनी ठरवलं की गाऱ्हाण्यात घातलेलं गाऱ्हाण्यानंच काढायचं.

जत्रेच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या उन्हात, ते बावीवर आले. स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी, हातात नारळ. वाडीतले तीसेक लोक रातांब्याच्या अलीकडेच थांबले. पुढे मी, राधाबाई आणि विठोबा. पाणी वर चौथ्या पायरीपर्यंत आलेलं, काळं, हलत नव्हतं. सातवी पायरी पाण्याखाली होती. दाजी तिसऱ्या पायरीवर उतरून उभे राहिले, पाण्याकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ.

“बा महाराजा, आज ह्या तुज्या लेकरान तुज्यासमोर गाऱ्हाना घातलेला आसा. ह्या बावीत कोण मेलेला नाय. जी मेली ती दुसऱ्या गावची. तिचे केस माज्या हातात इले, तिचा जोडवा माज्या हातात इला, आणि मी च्या पिऊन घराक गेलंय. तिचा नाव इचारूक नाय. मोठ्या घराचा नाव झाकलंय आणि गरिबाच्या बावीर तिका आणून बसवलंय. तिका मी आणलंय, मीच घेऊन जातंय. राधाबायच्या पाण्याक दोष लावू नको, महाराजा.”

थांबले. आता म्हणायचं होतं. कुणी म्हणेना. मागे तीस माणसं होती, खोकलासुद्धा आला नाही. आणि मला एकदम दिसलं की मी जे बघतेय ते त्यांच्या पुस्तकातलं चित्र आहे: पायरीवर पाठमोरं माणूस, पाण्याकडे तोंड, काहीतरी मागतंय, आणि सगळे मागे सरकताहेत.

मी आयुष्यात देवळाच्या पायरीवर ‘होय महाराजा’ म्हटलेलं नाही. त्यावरून घरात भांडणं केलीत. पण त्या दिवशी म्हटलं. मोठ्यानं.

“होय महाराजा.”

लगेच राधाबाईनं म्हटलं. आणि मग, आमच्या दोघींनंतर, बावीतून आलं. बाईचा आवाज, बारीक, ओला, तेच दोन शब्द.

मी म्हणाले, घुमलं. दाजी पायऱ्या चढत वर आले, चेहरा पांढराफटक. पस्तीस-चाळीस वर्षं विहिरींत उतरलेला माणूस. ते हळूच म्हणाले, “भरलेली बाव घुमत नाय गो.”

याच्यावर मी आणखी काही बोलणार नाही.

विठोबानं नारळ ठेवून घेतला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, दाजींनी नेली म्हणता, बरं. मग लोक इथलं पाणी पिताना दिसू देत. पुढच्या जत्रेपर्यंत जाळी थांबवतो. प्यायले तर कळशीवालीचं नाव गाऱ्हाण्यातून गाळतो. नाही प्यायले तर ती गेलेली नाही, आणि बाव बंद. माणूस शब्दाचा पक्का आहे. दोन्ही बाजूंनी.

दाजींनी त्या दिवसापासून लिहिलं नाही. ती आता घरी असते, एवढंच म्हणायचे. दुकानात गेलं की वहीवर पाना तसाच, खाली कोरं पान. शिमग्याच्या आधी झोपेतच गेले. त्यांची बायको आनंदी सांगते, उशाशी पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी होती. कधी भरून ठेवली ते तिला ठाऊक नाही. आणि हात, ती म्हणते, अगदी स्वच्छ होते.

ते मोठं घर मी शोधून काढलं. कसं ते माझं मला. विचारलं, तुमच्याकडची कोण गेली विहिरीत? म्हणाले, आमच्याकडे असं कधी झालंच नाही. आणि मला चहा आणला. मी कप तसाच ठेवून उठले.

आता राहिली राधाबाई. दिवस मोजतेय. आजपर्यंत वाडीतली चार माणसं पाणी प्यायली, त्यातली दोन माझ्या धाकानं. विठोबा म्हणतो, धाकानं प्यायलेलं धरत नाही. बरोबरच आहे त्याचं.

तुम्ही मात्र ‘रिकामी कळशी’ स्वतःच्या मर्जीनं वाचलीत. घाबरायची मजाही घेतलीत. तेव्हा मार्गशीर्षातल्या जत्रेआधी एकदा या. कट्ट्याला उतरा, बसथांब्याजवळ लाल माठ घेऊन बसलेल्या बाईला विचारा, ती वाट दाखवील. दिवसाढवळ्या या, मोबाइल खिशात ठेवा. अकरा पायऱ्यांपैकी उघड्या असतील तेवढ्या उतरा, ओंजळभर पाणी प्या. आणि वर येण्याआधी एक कळशी काठोकाठ भरून पायरीवर ठेवा. कुणासाठी, ते विचारू नका. नुसती भरून ठेवा.