होस्टिंगची सोयरीक

माझा आवाज बसला तेव्हा सगळ्यात जास्त सुख शेजारच्या काकूंना झालं असणार. मी दहावीचं गणित शिकवते आणि शिकवताना ओरडते. लातूरला क्लासमध्ये होते तेव्हा शेवटच्या बाकावर कुणाचं वजाबाकीचं चिन्ह चुकलं, तर खालच्या झेरॉक्सवाल्याला कळायचं. लग्न होऊन नांदेडला आले, इथल्या क्लासमध्येही तोच प्रकार. घसा काय दगडाचा असतो? गेल्या उन्हाळ्यात बसला तो उठेचना. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, स्वरयंत्रावर गाठी आल्यात. औषध काय, तर गप्प बसा. कुजबुजसुद्धा नको. आणि बरं वाटलं तरी वर्गात तासन्‌तास बोलणं यापुढे विसरा, माईक लावूनसुद्धा.

म्हणजे माझं शिकवणं संपलं. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही यावं असं वाटतही नाही. घरात एक पाटी आणली, बोलायचं ते तिच्यावर लिहायचं. आमचे हे रेल्वेत, मुदखेडला. रोज जाऊन-येऊन करतात. ते बिचारे चांगल्या मनानं म्हणाले, "राबलीस की इतकी वर्षं, आता आराम कर." मी पाटीवर लिहिलं, "आराम तुम्ही करा," आणि खडू भिरकावला. बोलता येत नसलं की भांडणातली निम्मी मजा जाते, हे मला तेव्हा कळलं.

मग एक दिवस लातूरच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं मोबाईलवर एक उदाहरण विचारलं. मी कागदावर पायरी-पायरीनं सोडवलं आणि फोटो पाठवला. मध्ये मध्ये माझ्या सवयीनं लिहिलं होतं, "अगं, चिन्ह बदललं का? नाही ना? मग!" तो फोटो इतक्या पोरांकडे फिरला की संध्याकाळपर्यंत अनोळखी नंबरांवरून आणखी उदाहरणं यायला लागली. तेव्हा डोक्यात आलं, बोलता येत नाही, पण लिहिता तर येतं. आपली एक वेबसाईट काढू. सगळे धडे लिहून ठेवू. कंधारचं पोर असो की हदगावचं, ज्याला पाहिजे त्यानं येऊन वाचावं.

कल्पना सोपी, पुढचं सगळं अवघड. वेबसाईट म्हटलं की तिला राहायला जागा लागते, तिला होस्टिंग म्हणतात, हे मला व्हिडिओ बघून कळलं. ती जागा विकणारे इतके, की बघता बघता डोळे फिरले. प्रत्येकाकडे सगळं 'अमर्यादित'. प्रत्येकाकडे मोठ्या किमतीवर लाल रेघ आणि खाली चिमुकली किंमत. प्रत्येकाचं घड्याळ उलटं धावतंय, आत्ता घ्या नाहीतर संधी गेली. कोणतं घ्यावं ते कुणाला विचारावं तर फोन करावा लागणार, आणि माझं तोंड बंद. चॅटवर प्रश्न टाकला, तर कुठल्याशा यंत्रानं तीनदा नमस्कार केला आणि माझाच प्रश्न मला परत पाठवला. हात्तिच्या! मी लॅपटॉप मिटला आणि कणीक तिंबायला घेतली. इतकी तिंबली की पोळ्या फार मऊ झाल्या.

त्याच आठवड्यात आप्पा आले. आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या गंजगोलाईत जन्मभर कापडाचं दुकान केलं, आता भाऊ बघतो. कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी, पिशवीत कारळ्याची चटणी. न सांगताच आले. म्हणाले, "फोनवर तुझं बोलणं ऐकू यायचं न्हाई, मग घरी बसून काय करू? म्हणून आलो."

मी पाटीवर सगळं लिहून सांगितलं. लिहायचं, पुसायचं, लिहायचं. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे तुझं शिकवणं दुसऱ्याच्या घरी नांदायला जाणार. असंच ना?"

मी मान हलवली.

"मग घर बघून द्यावं लागंल की, माय. आण तो फोन."

आणि आप्पांनी जी चौकशी सुरू केली! आमच्याकडे पोरगी द्यायची तर बाप आधी न सांगता, भर दुपारी मुलाच्या घरी जाऊन बसतो. सांगून गेलं की अंगण झाडलेलं असतं, सगळे गोड बोलतात. न सांगता गेलं की घर जसं असतं तसं दिसतं. आप्पा जेवणाच्या वेळेला फोन लावायचे, रविवारी लावायचे. किती वेळ वाजतो, कोण उचलतं, उचलल्यावर आवाजात कंटाळा आहे का, सगळं ऐकायचे. फोन स्पीकरवर, मी शेजारी पाटी घेऊन.

एक जण म्हणाला, पहिल्या वर्षी जवळजवळ फुकटच. आप्पा म्हणाले, "आन् दुसऱ्या वर्षी?" तो चाचरला. दुसऱ्या वर्षीचा दर ऐकून आप्पांनी फोन ठेवला. "पहिल्या वर्षी हुंडा नको म्हणणारे दुसऱ्या वर्षी मोटारसायकल मागतेत," ते म्हणाले. दुसऱ्यानं अमर्यादित जागा, अमर्यादित गर्दी चालेल असं सांगितलं. आप्पांनी विचारलं, "आन् गर्दी लईच झाली तर?" मग हळूच कळलं, की फार झाली तर ते वेबसाईट थोडी थांबवतात. "मग अमर्यादित कशाचं डोंबलाचं?"

आणि प्रत्येकाला शेवटचा प्रश्न ठरलेला. "उद्या आमची आम्हाला परत न्यायची म्हणलं, तर सामानासकट देता का?" समोरच्याला काही समजायचं नाही. मी घाईघाईनं पाटीवर लिहायचे, 'सगळे धडे उतरवून घेता येतील का, असं विचारा'. आप्पा पाटीकडे बघायचेही नाहीत. त्यांच्या मते त्यांनी तेच विचारलं होतं.

इतकं सगळं केलं आणि मग माती खाल्ली. एका ठिकाणी फोन उचलणारा निघाला निलंग्याचा. "काका, काय करायलाव?" म्हणाला आणि आमचे आप्पा विरघळले! त्याच्या मामाचं गाव आमच्या आत्याच्या गावाला लागून. ऊस, रस्ता, कुणाची पोरगी कुठं दिली, सगळं झालं. दुसऱ्या वर्षीचा दर विचारायचा राहिला, गर्दीचं राहिलं, परत न्यायचंही राहिलं. मी पाटी नाचवत होते, तिच्याकडे कोण बघतो? "आपल्याकडचा हाय, त्याला काय विचारायचं? वाईट वाटतंय माणसाला," आप्पा म्हणाले. फक्त एक गोष्ट त्यांनी तेवढ्यातही सोडली नाही. तो म्हणाला, वेबसाईटचं नाव, म्हणजे तिचा पत्ता, पण आमच्याकडूनच फुकट घ्या, आमच्याच खात्यात राहील. आप्पा म्हणाले, "ते नगं. पोरीचं सोनं पोरीपाशी." म्हणून जागा त्याच्याकडे घेतली, पण नाव मी दुसरीकडून, माझ्या नावावर घेतलं. धडे लिहिले त्याची एक प्रत घरातही ठेवायला लावली. सासरी कितीही चांगलं असलं तरी कपड्यांचा एक जोड माहेरी असावा म्हणे.

सोमवारचा दिवस बघून वेबसाईट उघडली. जुन्या पोरांना कळवलं. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, मी सकाळपासून लॅपटॉपसमोर. पोरं आली, धडाधड आली, आणि दुपारी पान पांढरं पडलं. काही दिसेना. एकेकाचा निरोप येऊ लागला, "मॅडम, उघडत नाही." संध्याकाळी, "मॅडम, बंद केली का?" दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारलंच नाही.

पोरं विचारत नव्हती हे मला जास्त लागलं. बंद झालं ते झालंच, असं वाटलं. आप्पांनी निलंग्याच्या पोराला फोन लावला, तर त्यानं नोकरी सोडलेली. दुसरं कुणी धड बोलेना. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आता नको. मला जमणार नाही.' आणि आत जाऊन पडले, खूप रडले. रडतानाही आवाज करायचा नव्हता, त्याचा अजूनच राग आला.

बाहेर आले तर आप्पा तसेच बसलेले, डोक्यावरची टोपी हातात. म्हणाले, "गाववाला बघितला माय, घर बघितलंच न्हाई. चूक माझी हाय. पर नाव तुझ्यापाशी हाय, धडे तुझ्यापाशी हायत. आपलं काय गेलं? उठ."

या खेपेला फोन लागला तो रविवारी भर दुपारी. उचलला एका मुलीनं. कुठली दक्षिणेकडची होती, तिचं हिंदी मोडकं, आप्पांचं त्याहून मोडकं. गाव नाही, मामा नाही, ओळखीचं काहीच नाही. मी पाटी पुढे धरली आणि यावेळी आप्पांनी एकेक प्रश्न वाचून विचारला. तिनं उलट विचारलं, पोरं साधारण किती येतील? व्हिडिओ टाकणार का? नुसतं लिहिलेलं? मग ती म्हणाली, तुम्ही बघताय ती मोठी योजना घेऊ नका, सगळ्यात लहान पुरेल. पुढच्या वर्षी दर किती वाढेल तेही न विचारता सांगितलं. परत न्यायचं म्हटल्यावर म्हणाली, सामान तुमचंच आहे, कधीही न्या.

आप्पांनी फोन ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "गिऱ्हाइकाला कमी कापडात भागंल म्हणून सांगणारी हाय. हितंच देऊ. पर आधी एका महिन्याचं घे. साखरपुडा झाला म्हंजे लगीन झालं न्हाई."

घरातल्या प्रतीवरून सगळे धडे मी नव्या जागी चढवले. नाव माझंच होतं, ते तिकडे वळवलं. पोरांना पुन्हा कळवलं. ती आली, हळूहळू आली, आणि पान जागेवर राहिलं. महिनाभर तसंच राहिलं. हदगावच्या एका अनोळखी मुलीनं लिहिलं, "मॅडम, तुम्ही लिहिताना पण ओरडता. पण मला समजलं." मी ते वाचून इतकी हसले की हसायलासुद्धा मनाई आहे हे विसरले.

आप्पा लातूरला निघाले त्या दिवशी सगळे जेवायला बसलो होतो. मला चिडवायची लहर आली. पाटीवर लिहिलं, 'वेबसाईटसाठी इतकी चौकशी! माझ्या लग्नात केली होती का एवढी?'

आप्पांनी वाचलं आणि भाकरी कुस्करत राहिले. बोलले ते आमचे हे.

"केली की. मुदखेडला माझ्या खोलीवर आले होते तुझे आप्पा, भर दुपारी, न सांगता. मी बनियनवर, स्टोव्हवर खिचडी. पगार विचारला नाही, काही नाही. म्हणाले, आमच्या पोरीला शिकवल्याबिगर करमत न्हाई. ते बंद पडलं तर तिला दुःखात ठेवू नका, मला कळवा, मी येऊन नेईन."

 मी कोपऱ्यात ठेवलेल्या आप्पांच्या कापडी पिशवीकडे बघितलं. "म्हणजे तुम्ही कळवलं होतं?" मी घाईनं लिहिलं.

"तू लॅपटॉप मिटलास त्याच दिवशी," हे म्हणाले. "शब्द दिला होता."

आप्पा पाणी प्यायले. "न्यायलाच आलो होतो," ते म्हणाले. "तुझी खोली झाडून घेतली होती तुझ्या आईनं. आता काय, तुझं चालू हाय. एकटाच जातो."

डॉक्टरांनी तोवर दिवसाला चार-पाच शब्दांची सूट दिली होती. त्या दिवसाचे मी अजून वापरले नव्हते. पाटी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "आप्पा, अजून एक भाकरी घ्या."