चंद्रावरून आलेल्या माणसाचा सत्कार

माझे संपूर्ण नाव केशव सखाराम भोंडवे, वय चौसष्ट पूर्ण. शाळा चौथीपर्यंत, पुढचे सारे शिक्षण मी स्वतः वाचून केले. इतके वाचन असूनही मनुष्याची केवढी फजिती होऊ शकते, हे ऐकायचे असेल तर हातातला कप आधी खाली ठेवा. ऐन वेळी ठसका लागतो!

आमच्या चावडीत सरकारी रेडिओ आहे. गावाने एकत्र बसून ऐकावे, ऐकलेल्यावर चर्चा करावी आणि श्रोता मंडळाच्या चालकाने गावाचे मत पुण्याच्या केंद्राला कळवावे, अशी पद्धत. चालक अर्थातच मी. शेतीवरच्या भाषणांना मंडळी पेंगत. पण चंद्रावर गेलेल्या माधवाची श्रुतिका भागाभागांनी सुरू झाली, आणि बायामाणसेसुद्धा भाकऱ्या लवकर उरकून येऊ लागली. कार्यक्रम संपला, की पवना नदीच्या काठाने आम्ही सारे माना वर करून घरी जात असू; आभाळात चंद्र असो वा नसो! खरे सांगतो, त्या दिवसांत मी निम्मा तिकडेच राहत होतो. जेवताना वरणातही मला विवरे दिसत.

आणि मग तो भाग आला! परतीचे यान सज्ज, पृथ्वीवर पत्नी सुमती वाट पाहते आहे, आणि माधव त्या खोल, जड आवाजात म्हणतो, "मी इथेच राहणार. ही शांतता सोडवत नाही."

चावडीत एकच कल्लोळ!

"मर्द गडी!" पिंपरीच्या कारखान्यात लागलेला विष्णू ओरडला. "ना शिफ्ट, ना भोंगा! मीबी जातो!"

"आन् ती सुमती?" गावातल्या सर्वांत वडील तानूबाई कडाडल्या. "तिनं काय चंद्राकडं बघत भाकरी थापायची?"

दोन तट पडले. बायकांनी रेडिओवर बहिष्कार टाकला. मी सत्यवादी; तसे केंद्राला कळवले. केंद्राचा निरोप आला : शुक्रवारी संध्याकाळी आमचा माणूस गावाचे मत ऐकण्यास येईल. ऐकणारेच नसतील, तर रेडिओ तळेगावकडच्या गावाला देऊ.

रेडिओ जाणार? मग मी चंद्रावर जायचे कसे? दारोदार फिरून मी विनवले, "सर्वांनी यावे आणि सौम्य शब्दांत बोलावे." हार आणला, नारळ आणला.

शुक्रवारी चंद्र उगवता उगवता एक उंच, धुळीने माखलेला गृहस्थ चावडीपाशी आला.

"राम राम. गाव लांबच निघालं हो!"

माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तोच आवाज! केंद्राने प्रत्यक्ष माधवालाच पाठवले होते! आता तुम्हीच सांगा, आवाजावाचून आम्ही त्याला ओळखणार तरी कशावरून? मी तत्काळ हार घातला.

"अहो, मी तर..."

"विनय पुरे. बसावे."

तो बसतो न बसतो तोच तानूबाई पुढे सरसावल्या. "बायकुला टाकून इतक्या लांब ऱ्हायला जीव झाला कसा रं तुझा?"

गृहस्थ पांढराफटक. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"समद्या गावानं ऐकलंय की! रडत व्हती बिचारी."

"रडत होती?"

"मग काय हसंल?"

विष्णू मदतीला धावला. "म्हातारे, गड्याचं कामच तसं हाय. न्हाई जमत यायला."

"आणायचं म्हणतो हो," गृहस्थ गळ्यातला हार चाचपत म्हणाला. "पण राहायला जागा कुठे आहे?"

"जागंला काय धाड भरलीया? तिथं समदं मोकळंच पडलंय!"

मला भरून आले. केवढा समरस झालेला कलावंत! इतक्यात सायकल धरून उभा असलेला एक बुटका मनुष्य म्हणाला, "मी जरा बोलू का? पुण्याहून आलोय."

"पुण्याहून पुष्कळ येतात," मी त्याला गप्प केले. "गावाचे मत चालले आहे. मध्ये बोलू नये."

गृहस्थाने डोळे पुसले.

"आणतो मी तिला. पण बार्शीला ती रडत होती, हे तुम्हाला इथं कळलं कसं?"

"बार्शी?" मी चरकलो.

"माझं गाव. मी पिंपरीच्या कारखान्यातला नवा फिटर. भाड्याने खोली मिळते का, ते बघायला आलोय."

तानूबाईंनी पदर तोंडात कोंबला, पण खांदे हलतच होते.

बुटक्या मनुष्याने सायकल भिंतीला टेकवली. "मी रेडिओ केंद्राचा. इतकं जीव लावून ऐकणारं गाव मला दुसरं भेटलं नाही. रेडिओ इथेच राहील. चालक मात्र दुसरा बघा. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देईल असा."

पुढच्या महिन्यात फिटरने बायको आणली. आमच्या पडवीची खोली मी त्यांना दिली. मंडळाच्या चालक आता तानूबाई आहेत. आणि दारात कोणीही आले, तरी पाणी देण्याआधी मी त्याचे नाव विचारतो.